ट्यूब लावण्याआधी: चेहऱ्यावर नेमकं काय उठलंय हे ओळखायचं कसं

"तोंडार कायतरी उठला, एक ट्यूब द्या." सिंधुदुर्गातल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतं. कधीपासून आहे, खाजतं की दुखतं, असं विचारलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. ट्यूब द्यायची सोडून हा चौकशा कसल्या करतोय! मग पुढचं वाक्य येतं: "गेल्या महिन्यात बहिणीक दिलास तीच द्या." बहिणीला झालं होतं वांग आणि हिच्या गालावर असतं गजकर्ण. तीच ट्यूब लागते, दोन दिवस खाज थांबते आणि पंधरवड्यात गजकर्ण कानापर्यंत पोचतं.

चुकतो तो क्रम. औषध आधी लागतं, ओळख मागाहून होते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. रोगाचं अंतिम नाव डॉक्टरच सांगणार. पण त्यांच्याकडे जाईपर्यंत काय करायचं, काय अजिबात करायचं नाही आणि कोणतं दुखणं घरी सांभाळण्यासारखं आहे, हे खालच्या क्रमाने गेलात तर बऱ्यापैकी कळतं. पायऱ्या उलटसुलट करू नका.

## पायरी १: थांबायला वेळ आहे का ते बघा

पुढचं काही दिसत असेल तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा.

• चेहऱ्याच्या एकाच बाजूला आधी ठणका किंवा आग, मग त्याच पट्ट्यात पाण्याच्या फोडांचे घोस. ही नागीण. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याला धोका असतो. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात उपयोगी पडतात. आपल्याकडे हेच तीन दिवस गेरूचा लेप आणि मंत्र यांत जातात. नागिणीने वेढा पूर्ण केला की माणूस जातो ही भीती घालवा. ती सहसा शरीराची मधली रेघ ओलांडतच नाही.

• ओठ, पापण्या, जीभ अचानक सुजली, आवाज घोगरा झाला किंवा श्वास लागतोय.

• डोळ्याभोवती लाल, गरम, दुखरी सूज आणि ताप. लहान मुलाला असेल तर रात्र काढू नका.

• नवीन गोळी सुरू केल्यापासून काही दिवस-आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ आणि तोंडात किंवा ओठांवर फोड. गोळीचं पाकीट सोबत न्या.

यातलं काही नाही? मग घाई नाही. पुढे चला.

## पायरी २: तीन दिवस चेहरा मोकळा सोडा

फेअरनेस क्रीम, हळद-बेसन, लिंबू, टूथपेस्ट, कोरफडीचा गर, शेजारणीने दिलेली ट्यूब, सगळं बंद. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने किंवा सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा. कोरडं वाटलं तर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. बस.

तीन दिवसांत दोन गोष्टी होतात. लावलेल्या पदार्थानेच जळजळ होत असेल तर ती उतरू लागते आणि ओळख तिथेच पटते. दुसरं म्हणजे, खालचं मूळ दुखणं उघडं पडतं.

> सावधान: डॉक्टरांनी चिठ्ठीवर दिलेलं औषध परस्पर थांबवू नका. आणि एखादी "दोन दिवसांत गुण देणारी" ट्यूब तुम्ही महिना-दोन महिने रोज लावत असाल, तर हे वाचायचं सोडून आधी पायरी ६ वर जा.

लिंबाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते सगळ्यांच्या घरात असतं. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं की तिथे भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि नंतर काळा डाग राहतो. डाग घालवायला लावलेलं लिंबू नवा डाग देऊन जातं.

## पायरी ३: खिडकीत उभं राहून बघा

बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली सगळेच चट्टे सारखे दिसतात. सकाळी चेहरा धुऊन, कोरडा करून खिडकीशी उभे राहा. ऊन थेट अंगावर नको. फोटो तीन काढा: समोरून, डाव्या आणि उजव्या बाजूने. मोबाइलचं चेहरा गुळगुळीत करणारं फिल्टर बंद असल्याची खात्री करा. अनेक फोनमध्ये ते आपोआप चालू असतं. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा फोटो. "फरक पडला की नाही" हे आठवणीवर सोडलंत तर घरात दोन मतं होणारच.

मग पुढच्या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा:

१. सुरुवात कधी झाली? एका रात्रीत, काही दिवसांत, की महिनोन्महिने हळूहळू?
२. खाज, दुखणं, आग, की काहीच नाही?
३. दोन्ही गालांवर सारखं आहे की एकाच बाजूला?
४. हात फिरवला तर उंचवटा लागतो, खरखरीत लागतं, की फक्त रंग बदललाय?
५. डोकं, कान, मान, छाती, पाठ, काखा, जांघा इथेही काही आहे का?
६. घरात आणखी कुणाला खाज आहे का?
७. गेल्या महिन्यात नवीन काय आलं: केसांचा रंग, टिकलीचं पाकीट, साबण, गोळी, काजू-आंब्याचं काम?

पाचवा प्रश्न लोक टाळतात. जांघेतलं गजकर्ण सांगायला लाजतात आणि गालावरच्या चट्ट्याचं उत्तर नेमकं तिथेच असतं.

## पायरी ४: पाच गटांतून आपला गट शोधा

### पुळ्या आणि फोड

मुरूम म्हणजे पिंपल ओळखण्याची खूण लाल पुळी नव्हे. काळ्या-पांढऱ्या टोकांचे बारीक दाणे, म्हणजे तेल आणि मृत पेशींनी बंद झालेली छिद्रं, ही खरी खूण. ते दाणे, लाल पुळ्या, पू असलेल्या पुळ्या असं लहानमोठं मिश्रण एकाच चेहऱ्यावर दिसलं तर मुरूमच.

आता आपल्या हवेतला फसवा प्रकार. कपाळावर, केसांच्या कडेला, छाती-पाठीवर सगळ्या एकसारख्या आकाराच्या बारीक पुळ्या, काळी टोकं नाहीत आणि खाज मात्र भरपूर. केसांच्या मुळाशी वाढणाऱ्या बुरशीने हे होतं. घाम, दमट हवा आणि डोक्यावरून कपाळावर ओघळणारं तेल तिला मानवतं. मुरूम समजून अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर हे कमी होण्याऐवजी वाढू शकतं. मे महिन्यात आणि पावसाच्या तोंडावर "मुरमाच्या गोळ्यांनी गुण येईना" म्हणणारा कॉलेजचा मुलगा आला की मी आधी खाजतं का, हे विचारतो.

घामोळं त्याहून बारीक असतं, टोचतं आणि गार हवेत दोन-तीन दिवसांत बसतं. दाढी करणाऱ्यांच्या मानेवर-हनुवटीवर येणाऱ्या पुळ्या बऱ्याचदा आत वळलेल्या केसांच्या असतात. त्या उकरू नका, काही दिवस दाढी वाढू द्या.

> तपासा: काळी-पांढरी टोकं आहेत का? हो: मुरूम. नाहीत, सगळ्या पुळ्या सारख्या आणि खाजऱ्या: बुरशीचा संशय. टोकं नाहीत, गाल-नाक सतत लाल, ऊन किंवा तिखट खाल्लं की तापतात: रोझेशिया असू शकतो. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही म्हणून तो हुकतो. डॉक्टरांना दाखवा.

### काळे डाग

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर जवळजवळ सारखे, तपकिरी, सपाट, न खाजणारे चट्टे म्हणजे वांग. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्याकडून आलेला कल ही त्याची मुख्य कारणं. पोट साफ नसल्याने किंवा रक्त अशुद्ध झाल्याने वांग येत नाही.

पुळी गेली आणि जागेवर डाग उरला तर ते वांग नव्हे. तो डाग काही महिन्यांत आपोआप फिका होतो, फक्त नवीन पुळ्या थांबवायच्या आणि ऊन टाळायचं.

मानेवर, काखेत आणि कानशिलापाशी मखमलीसारखी जाड काळपट त्वचा दिसली, तर घासणी घेऊन बसू नका. तो मळ नाही. वजन आणि शरीरातल्या इन्सुलिनच्या कामातल्या अडथळ्याशी तिचा संबंध असतो. क्रीमआधी साखर तपासा.

### पांढरे चट्टे

सगळ्यात जास्त घबराट याच गटात होते.

लहान मुलाच्या गालावर फिकट, कडा अस्पष्ट, वर बारीक कोंडा असलेले चट्टे बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात. ते जंतांमुळे होत नाहीत, कॅल्शियम कमी पडल्यानेही नाही. जंताचं औषध त्याच्या वेळेला द्याच, पण चट्ट्यासाठी म्हणून नको. रोज मॉइश्चरायझर, दुपारच्या उन्हात टोपी आणि काही महिने धीर, एवढं त्याला पुरतं.

शिबं म्हणजे मान, खांदे, छाती आणि कधी चेहऱ्यावर येणारे फिकट किंवा तपकिरी ठिपके. नखाने हलकं खरवडलं की भुसा निघतो. ही बुरशी आहे, घामाने वाढते. औषधाने बुरशी लवकर मरते, रंग भरायला मात्र महिने जातात. "औषध लागू पडलं नाही" म्हणून तेच औषध चारदा नेणारे याच गटातले.

कोड खडूसारखं पांढरंशुभ्र असतं, कडा स्पष्ट, वर कोंडा नाही. कधी तिथले केसही पांढरे होतात. कोड संसर्गजन्य नाही, ताटात ताट घालून जेवल्याने होत नाही. कपाळावर अगदी टिकलीच्या जागी, टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडला असेल तर टिकलीच्या गोंदातल्या रसायनाचा संशय घ्या. टिकली त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा.

आणि कुष्ठरोग. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, दुखत नाही. डोळे मिटून बसा, घरच्या माणसाला कापसाच्या वातीने चट्ट्यावर आणि शेजारच्या चांगल्या त्वचेवर हलका स्पर्श करायला सांगा. चट्ट्यावरचा स्पर्श कळला नाही तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. इथे एक खाच आहे: चेहऱ्यावर मज्जातंतूंचं जाळं दाट असतं, त्यामुळे चेहऱ्यावरच्या चट्ट्यात स्पर्श कळतो म्हणून निर्धास्त होऊ नका. हातपायांवर, पाठीवर असा चट्टा आहे का, कानाची पाळी जाड झालीय का, हातापायाला मुंग्या येतात का, हेही बघा. सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यावं लागतं, आणि रोग पूर्ण बरा होतो.

### लाल, खाजरं, खवल्यांचं

गजकर्णाची कड जिवंत असते. कडेला लाल उंचवटा आणि खवले, मधला भाग थोडा निवळलेला, खाज जबर, चट्टा रोज बाहेर सरकतो. बहुधा एकाच बाजूला.

नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत, भुवयांत, कानामागे, दाढीत पिवळसर तेलकट खवले आणि डोक्यात कोंडा? तो डोक्यातलाच कोंडा खाली उतरलाय. चेहऱ्याला क्रीम लावत बसाल आणि डोकं तसंच ठेवाल तर तो परत येत राहील.

नव्याने आणलेल्या वस्तूची ॲलर्जी जिथे वस्तू लागली तिथेच उठते, आणि पापणी मात्र अपवाद. पापणीची कातडी सगळ्यात पातळ. केसांचा काळा रंग डोक्याला लावला तरी सूज पापण्यांवर येते, नखांचं पॉलिश बोटांना असतं आणि खाज पापणीला.

गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर फुलपाखरासारखी लाली, नाकाशेजारचे खळगे मात्र मोकळे, जोडीला सांधेदुखी, तोंडात फोड, उन्हाने वाढ: हे घरी ओळखून घरीच सांभाळण्यातलं नाही.

### भाजल्यासारखं

हा गट खास आपला.

मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू सोलणाऱ्या बायांच्या बोटांची सालं निघतात हे सगळ्यांना माहीत आहे. काजूच्या टरफलातलं तेल त्वचा जाळतं. तोच हात घाम पुसायला गालावर, डोळ्याला गेला की दुसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद. कैरीचं देठ मोडलं की उडणारा चीकही तसाच; झाडावरची कैरी तिथेच दाताने फोडणाऱ्या पोरांच्या ओठाच्या कोपऱ्यांवर आणि हनुवटीवर काळपट चट्टे दिसतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. एकदा बिब्बा उतलेल्या माणसाने काजूच्या बीला आणि कैरीच्या चिकालाही जपून राहावं.

दुसरा गुन्हेगार रात्रीचा. मुंगीसारखा लांबट, जेमतेम ७-८ मिलिमीटरचा, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा किडा भातशेतीच्या दमट जागी राहतो आणि पावसाळ्यात, भात पिकायच्या सुमारास दिव्याकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर बसला की आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातला दाहक रस त्वचेवर पसरतो. लगेच काही होत नाही. दिवस-दीड दिवसाने चाबूक मारल्यासारखी लाल रेघ उठते, वर बारीक फोड. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत असेल तर समोरासमोर टेकणाऱ्या दोन्ही बाजूंना सारखाच ठसा. ऑक्टोबरात माझ्याकडे "नागीण झाली" म्हणून येणाऱ्यांत याचे बळी बरेच असतात.

> तपासा: फोडांच्या आधी दोन-तीन दिवस ठणका होता? नागीण. संध्याकाळी काही नव्हतं, सकाळी उठल्यावर रेघ दिसली, दुखण्यापेक्षा आग जास्त? किडा. खात्री नसेल तर नागीणच समजून डॉक्टरांकडे जा. चुकलं तर तिकडे चुकू द्या.

## पायरी ५: आधी पाया, मग एकच औषध

पाया तीन गोष्टींचा. सगळ्या गटांना लागतो.

धुणं. दिवसातून दोनदा, घाम आल्यावर तिसऱ्यांदा नुसत्या पाण्याने. गरम पाणी नको, घासणी नको. पुसताना टिपायचं, रगडायचं नाही.

मॉइश्चरायझर. "आमची हवा दमट, आम्हाला कशाला?" हा प्रश्न ठरलेला. मुरमाची औषधं त्वचा कोरडी करतात, त्यामुळे लागतंच; फक्त जेलसारखं, हलकं घ्या. खोबरेल अंगाला उत्तम, पण मुरूम किंवा खाजऱ्या पुळ्या असतील तर चेहऱ्यावर आणि कपाळाकडच्या केसांना नको. भिरंडेलही (कोकमाच्या बियांचं तेल) टाचांच्या भेगांसाठीच ठेवा.

सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त. तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा काढा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. बहुतेक जण याच्या चौथ्या हिश्शाएवढं लावतात आणि मग क्रीमला नावं ठेवतात. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसला, पोहलात, तर लगेच. रापणीवर (किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढताना) किंवा होडीत असणाऱ्यांना ऊन वरून आणि पाण्यावरून परतून, असं दोन्हीकडून लागतं. तिथे पुढे सावली देणारी टोपी आणि तोंडाभोवती सुती फडकं क्रीमपेक्षा जास्त काम करतं. वांग असेल तर रंगीत सनस्क्रीन घ्या. त्यातलं लोह ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतं आणि तो उजेडही वांग गडद करतो. ढगाळ दिवशीही लावायचं.

पाया बसला की औषध. एका वेळी एकच, आणि आधी कानामागे चिमूटभर जागेवर तीन दिवस लावून बघायचं.

*मुरूम:* बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के किंवा ॲडापलीन ०.१ टक्के, डॉक्टरांना विचारून. ॲडापलीन रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढं सगळ्या चेहऱ्याला. पुळीवर थेंब ठेवायचा नाही. ते पुढच्या पुळ्या अडवतं, आलेली पुळी विझवत नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. सुरुवातीला साल निघते, कधी पुळ्या वाढल्यासारख्या दिसतात. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी. चौथ्या आठवड्याला बाटली बदलणारे गिऱ्हाईक मला वर्षभर दिसत राहतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड रंगीत उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे करतं, म्हणून पांढरेच वापरा.

> सावधान: गरोदर असाल किंवा राहण्याची शक्यता असेल तर ॲडापलीन, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन नको. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. गर्भात व्यंग निर्माण करणारं औषध आहे ते. फक्त त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

*खाजऱ्या सारख्या पुळ्या, शिबं, चेहऱ्यावर उतरलेला कोंडा:* तिन्हीमागे एकाच जातीची बुरशी असल्याने कीटोकोनाझोल २ टक्के शाम्पूचा फेस तिन्हीला चालतो. लावून लगेच धुतला तर पैसे वाया. फेस पाच मिनिटं राहू द्या, डोळे मिटून, मग धुवा. शिब्यांना पाच दिवस रोज, कोंड्याला आठवड्यातून दोनदा असा चार आठवडे. खाजऱ्या पुळ्या पंधरवड्यात हलल्या नाहीत तर डॉक्टरांकडे जा, त्यांना कधी गोळी लागते.

*गजकर्ण:* चेहऱ्यावरचं गजकर्ण घरी सांभाळू नका. हल्ली ते चिवट झालंय, गोळी लागू शकते आणि ती काही आठवडे घ्यावी लागते. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नव्हे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. घरात कुणाला खाज असेल तर सगळ्यांचे उपचार एकदम.

*वांग:* सनस्क्रीन हेच अर्धं औषध. पुढचं डॉक्टर ठरवतील. काउंटरवर वांगासाठी मागितली जाणारी तिहेरी ट्यूब म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र. ती थोड्या आठवड्यांसाठी, नजरेखाली वापरायची असते. लोक ती रोजच्या पावडरीसारखी वर्षानुवर्षं लावतात.

*काजू-आंब्याचा चीक आणि किडा:* लगेच साबण-पाण्याने भरपूर धुवा. त्वचेवर जिवंत किडा दिसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि जागा धुवा. आग असेल तर गार पाण्याची पट्टी. फोड फोडू नका. किड्याचा चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरतो, काळा डाग मागे राहून हळूहळू जातो. डोळ्यात रस किंवा चीक गेला तर पाण्याची धार धरून सरळ दवाखाना.

## पायरी ६: आधीच "ती" ट्यूब लावून झाली असेल तर

खोका बघा. घटकांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असं काही आहे? नाव "सोन", "लोन" किंवा "सोल" ने संपत असेल तर बहुधा ते स्टेरॉइड. "नाझोल" ने संपत असेल तर ते बुरशीविरोधी, घोटाळा करू नका. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये असलेली मिश्रणंही मिळतात आणि गजकर्णाचा गोंधळ त्यांनीच वाढवलाय. वेष्टनावर लाल उभी रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध. २०१८ मध्ये सरकारने आणखी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी मागणारे मागतात आणि देणारे देतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही दिल्यात. आता देत नाही, त्यापायी गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. योग्य जागी, मोजून दिवस लावलं तर गुणाचंच. चेहऱ्यावर महिनोन्महिने लागलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसतात, लव वाढते, पुळ्या येतात, उन्हात-चुलीपुढे चेहरा पेटतो. आणि नेमकी खूण अशी: ट्यूब सोडली की दोन-तीन दिवसांत लाली आणि आग, लावली की शांत.

असं असेल तर एका झटक्यात बंद करून घरी सोसत बसू नका, आणि सहन होईना म्हणून पुन्हा लावूही नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, कधी टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, कधी सोडताना आधाराला दुसरं औषध लागतं. तोवर गार पाणी, साधं मॉइश्चरायझर, ऊन टाळणं. आग उतरायला आठवडे, कधी महिने जातात.

## पायरी ७: पावसाळ्यातलं घर

जून ते सप्टेंबर टॉवेल वाळत नाही. ओल्या टॉवेलने घरातल्या चौघांनी तोंड पुसलं की एकाचं गजकर्ण चौघांना. प्रत्येकाचा वेगळा टॉवेल. जाड नको, पातळ सुती पंचा लवकर वाळतो. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. ऊन नसेल तेव्हा धुतलेला पंचा आणि अभ्रा इस्त्रीने पूर्ण कोरडे करा. दोरीवर तीन दिवस लटकून आंबट वास येणारं कापड तोंडाला लावू नका. हेल्मेटच्या आतलं अस्तर आणि मोबाइलची काच, दोन्ही रोज पुसायच्या.

दिव्याखाली खाट असेल तर सरकवा. झोपताना मच्छरदाणी, आणि खिडकीजवळचा पांढरा दिवा लवकर बंद. किड्याला अडवायला एवढं पुरतं.

गणपतीत आरास, रंगकाम आणि नवा मेकअप एकाच आठवड्यात येतात. नवीन वस्तू चतुर्थीच्या सकाळी पहिल्यांदा चेहऱ्यावर नको. आठवडाभर आधी कानामागे लावून बघा.

## पायरी ८: डॉक्टरकडे जाताना

मुरमाचं औषध १२ आठवडे नीट लावूनही फरक नाही, खोल दुखऱ्या गाठी येतायत, खड्डे पडतायत, पांढरा चट्टा वाढतोय किंवा चेहऱ्यावरची एखादी जखम महिना झाला तरी भरत नाही आणि मध्येच रक्त येतं: इथे घरचे प्रयोग संपले.

त्या दिवशी चेहऱ्याला काही लावून जाऊ नका, पावडरसुद्धा नाही. दर आठवड्याचे फोटो आणि सात प्रश्नांची उत्तरं सोबत घ्या. पाळी चुकली असेल, गोळ्या चालू असतील तर विचारायच्या आधी सांगा. आणि आतापर्यंत लावलेलं सगळं, संपलेल्या ट्यूबांसकट, एका पिशवीत भरून टेबलावर ओता. खोका फेकला असेल तर रिकामी ट्यूब चालेल. ती गुंडाळलेली असली तरी उलगडली की नाव वाचता येतं.